मालाला उठाव कशानं येतो? (गड्ड्यातल्या स्टॉलचा हिशेब)

आडवा_धागा
१९ जानेवारी, रात्री १०:४०

यंदा पहिल्यांदाच गड्ड्यात, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, स्टॉल लावला. होम मैदानावर, पाच दिवस. आज आवरून घरी आले, पाय दुखायलेत, झोप येईना म्हणून लिहितेय.

आमचे वडील पूर्व भागातले, घरी चार यंत्रमाग. आधी चादरी निघायच्या, आता टॉवेल. मागच्या खोलीत आजोबांचा हातमाग धूळ खात पडला होता, तो मी तीन वर्षांपूर्वी सुरू केला. त्यावर वॉल हँगिंग विणते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कागदावर काढलेलं चित्र उभ्या धाग्यांच्या खाली ठेवायचं आणि रंगीत आडवा धागा हातानं भरत भरत ते वर आणायचं. जेकार्डवर पुठ्ठे चढवले की मशीन नक्षी काढतं, तसं यात काही नाही. दोन बाय तीन फुटाच्या एका चित्राला माझे आठ-नऊ दिवस जातात.

स्टॉलवर २२ नग नेले होते. सिद्धेश्वराचं तळं, नंदीध्वजांची (जत्रेतल्या उंच मानाच्या काठ्यांची) मिरवणूक, भुईकोटाचा बुरूज, थोडी नुसती रंगांची. सगळ्यांना काच आणि फ्रेम. किंमत ३,५०० ते ५,०००. पाच दिवसांत गेले तीन. त्यातला एक मावशीनं घेतला, म्हणजे दोनच धरा.

आणि लोक आले नाहीत असंही नाही ओ. लई आले. "हाताचं हाय?" विचारलं, हात लावून बघितलं, फोटो काढले, पोरांना समोर उभं करून काढले, "भारी आहे ताई, असंच करत राहा" म्हणाले आणि पुढं गेले. शेजारी शेंगाचटणीवाल्या अक्का होत्या. त्यांचा माल रोज संध्याकाळी आठच्या आत संपायचा. पलीकडं चादरीवाले, त्यांचंही बरं चाललं होतं.

माझा माल वाईट आहे म्हणून खपला नाही, असं वाटत नाही. वाईट असता तर एवढे लोक थांबले नसते. मग नक्की कशानं खपतं? ज्यांनी आयुष्यभर काहीतरी विकलंय त्यांनी सांगा. "मार्केटिंग कर" हे सोडून.

---

बाळीवेस_बॉय
रात्री ११:०२

सोलापुरात उठाव म्हटलं की १९३० चा इंग्रजांविरुद्धचा उठाव आणि मार्शल लॉ आठवतो. धागा उघडला तर चादरीचा निघाला. 😄

वाचतोय.

---

कोथरूडात_सोलापूरकर
रात्री ११:२५

ताई, आधी टार्गेट ऑडियन्स ठरवा. ब्रँड स्टोरी पाहिजे. इन्स्टावर रील्स, माग चालतानाचा आवाज, एक चांगला हॅशटॅग...

---

बाळीवेस_बॉय
रात्री ११:२७

शेवटची ओळ वाचली नाही का बे?

---

नवीपेठ_गादी
२० जानेवारी, सकाळी ७:१५

मी नवी पेठेत ३८ वर्षं कापडाच्या गादीवर बसलो. आता मुलगा बसतो, मी नुसता चहा पितो. माझं ऐका, पटलं तर घ्या.

तुमचा माल चादरीशेजारी ठेवलात, तिथंच निम्मा व्यवहार बुडाला. गिऱ्हाईक वस्तूची किंमत मनात आपोआप काढत नसतं. समोर जे असेल त्याच्याशी लावून बघतं. तुमचं चित्र साडेचार हजाराचं. नजर जरा डावीकडं गेली की दिसली चादरींची थप्पी. लगेच डोक्यात हिशेब: "एवढ्यात घरातल्या सगळ्यांना चादरी येतील की." मग तुम्ही नऊ दिवस विणलं काय आन् नव्वद दिवस विणलं काय. तेच चित्र एखाद्या डॉक्टरच्या नव्या दवाखान्यात, जिथं सोफाच साठ हजाराचा आहे, तिथं दाखवा. साडेचार हजार म्हणजे काहीच नाही वाटणार.

आमच्याकडं पैठणीचं कपाट आणि साध्या साडीचं कपाट कधी समोरासमोर ठेवलं नाही. वडिलांनी घालून दिलेला नियम होता.

आणखी एक. "भारी आहे" म्हणणारं गिऱ्हाईक घेत नाही. घेणारं गिऱ्हाईक खोट काढतं. "रंग जाईल का? जरा मोठं नाही का? काच फुटली तर?" अशी कुरकुर सुरू झाली की समजायचं, घरी कुठं ठेवायचं ते त्याचं ठरलंय.

---

आडवा_धागा
सकाळी ८:०५

काका, शेवटचं वाचून अंगावर काटा आला. ज्या दोघांनी घेतलं त्या दोघांनीही कुरकुर केली होती. एकानं तर काच काढून मागची गाठ बघितली. मला रागच आला होता त्याचा.

---

चटणी_आणि_कडक_भाकरी
सकाळी ११:४०

मी गड्ड्यात नव्हते, पण माझा धंदा तोच, शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा. त्या अक्कांचा माल का संपला ते सांगते.

पहिलं म्हणजे आम्ही चव देतो. चमच्यावर चटणी, वर भाकरीचा तुकडा. तोंडात गेल्यावर निम्म्या लोकांना "नको" म्हणायला अवघड जातं, उरलेल्यांना खरंच आवडलेली असते. तुमच्या चित्राची चव कशी देणार? देता येत नाही. तो फोटो काढतो तीच त्याची चव, आणि ती फुकटात पोटभर होते!

दुसरं, माझं पाव किलोचं पाकीट घ्यायला कुणाला घरी फोन करावा लागत नाही. हे मी पोरांना नेहमी सांगते. ज्या रकमेला नवऱ्याला किंवा सासूला विचारावं लागतं तिथं विक्री थांबते, कारण विचारायला गेलेलं माणूस परत येत नाही. तुमच्या स्टॉलवर घरी न विचारता घेण्यासारखं काहीच नव्हतं. हातभर लांबीचं, तीनचारशेचं काहीतरी ठेवायचं होतं. मोठं बघायला येतात, लहान घेऊन जातात.

तिसरं, चटणी संपते. संपली की माणूस परत येतं. भिंत एकदा भरली की भरली.

कडक भाकरीचं तर वेगळंच. आमच्या आज्या ती का करायच्या? टिकते म्हणून, प्रवासात, रानात चालते म्हणून. चवीनं नाव झालं ते नंतर. आज पुण्या-मुंबईला पोती भरून जाते ती महिना-महिना टिकते म्हणूनच. मऊ भाकरी कितीही चांगली असली तरी बार्शीच्या पुढं जाणार नाही.

---

तास_संपला
दुपारी ३:१०

अक्कांनी नकळत अर्थशास्त्राचा एक आख्खा तास घेतला. निवृत्त मास्तर आहे, राहवत नाही म्हणून लिहितो.

कार्ल मेंगर नावाचा ऑस्ट्रियन अर्थतज्ज्ञ होता. त्यानं १८७१ साली नेमका हाच प्रश्न घेतला: काही माल पटकन विकला जातो, काही पडून राहतो, असं का? तोवर सगळे किमतीबद्दल बोलत होते. त्यानं किमतीपासून वेगळा असा मालाचा एक गुण मांडला. मराठीत त्याला विक्रेयता म्हणू, किंवा धागाकर्तीचा "उठाव"च म्हणू, तो जास्त चांगला शब्द आहे. त्याच्या मते या गुणाला चार कुंपणं असतात. किती माणसांना तो माल हवा आहे, किती लांबपर्यंत तो नेता येतो, एका वेळी किती खपू शकतो, आणि किती काळ टिकतो किंवा किती काळ मागणी राहते.

आता आपल्याकडचं बघा. हुरडा: माणसं भरपूर, पण कणीस तोडल्यावर काही तासांत मजा गेली आणि हंगाम थंडीपुरता. अंतराचं आणि काळाचं कुंपण. शाळेचा गणवेश: जूनच्या आसपास तुटून पडतात, दिवाळीला कोण विचारतंय. कन्नड किंवा तेलुगू कवितेचं पुस्तक सोलापुरात काढलं तर वाचणारे आहेत, पण माणसांचं कुंपण जवळ आहे. मंगळवेढ्याची ज्वारी मात्र चारही बाजूंनी मोकळी: सगळ्यांना लागते, पोत्यात जाते, नीट ठेवली तर टिकते.

मेंगर पुढं म्हणतो की ज्याला चारही कुंपणं जवळजवळ नाहीत असा माल हळूहळू पैसाच होऊन बसतो. सोनं घेऊन सराफाकडं गेलात तर आजच्या भावाच्या आसपास पैसे मिळतात, घाई असली तरी. तुमचं वॉल हँगिंग उद्या सकाळी घाईनं विकायला काढलंत तर निम्मे तरी येतील का? त्यात माल वाईट असण्याचा संबंध नाही. तो हवा असलेला माणूस शोधायला वेळ लागतो आणि घाईत तो वेळच नसतो, एवढंच.

म्हणून पाच दिवसांच्या जत्रेत असला माल खपला नाही याचं मला नवल वाटलं नाही. पाच दिवसांत तीन गेले याचं वाटलं.

---

चार_माग
संध्याकाळी ६:५५

मास्तर, अंतराचं म्हणालात म्हणून सांगतो. आमची चादर अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूरच्या भाविकांवर चालली ओ इतकी वर्षं. स्वामींचं दर्शन झालं, देवीचं झालं, सोलापुरात उतरले, घरी न्यायला काय? चादर. घडी होते, फुटत नाही, एसटीत मांडीवर ठेवता येते, गावात नेऊन दिली की देणाऱ्याचं नाव होतं.

आणि ताई, तू काचेची फ्रेम घेऊन जत्रेत बसलीस! पाळण्यात बसायचंय, भेळ खायचीय, कडेवर पोर हाय, त्यात ही काच कोण सांभाळंल? विणलेल्या कापडाला काच कशाला? वर एक काठी, खाली एक काठी, गुंडाळी करून द्यायची. कॅलेंडरसारखी.

---

आडवा_धागा
संध्याकाळी ७:२०

अण्णा, फ्रेम केली की "आर्ट" दिसतं असं वाटलं होतं. फ्रेमचेच नगाला सहाशे गेलेत. 🤦

---

चार_माग
संध्याकाळी ७:४८

दिसतं की. म्हणूनच लोक हात जोडून पुढं गेले.

आता माझं रडगाणं. चादरीला जीआय (माल या गावचाच, अशी सरकारी नोंद) मिळून वीसेक वर्षं होत आली, टेरी टॉवेललाही आहे. एवढ्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं मला "जीआय हाय का" विचारलेलं नाही. विचारतात एकच, "धुतल्यावर रंग जातो का?" आम्ही चादरीच्या कडेला नाव विणून घालतो, छापत नाही, विणतो. जुनी माणसं ते नाव बोट फिरवून बघायची. आता बाहेरनं पानिपतचा हलका माल येतो, वर "सोलापुरी" लिहिलेलं लेबल, निम्मी किंमत. रस्त्यावरच्या ढिगातनं तीच जाते. म्हणजे नाव आमचं खपतंय आणि माल त्यांचा. उठाव नावाला हाय हे चांगलंच म्हणायचं, पण त्या नावाचं करायचं काय आम्ही?

आमची चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते, एका बाजूचा रंग दुसरीकडं उलटा दिसतो. धुवावी तशी मऊ पडते. पण नव्या पोरींना वजन नको, वॉशिंग मशीनमध्ये मावत नाही म्हणतात. खोटं नाही ते. म्हणून मीही दोन माग टॉवेलवर घेतले.

आणि टॉवेलचं गुपित सांगू? गावाकडं टॉवेल जातो तो अंग पुसायला कमी, आहेराला जास्त. टॉवेल-टोपी! लग्नसराईत ज्या डझनांनी उठतो, तेवढा पूर्ण पावसाळ्यात उठत नाही. ज्याला मिळतो तो पुढच्या लग्नात दुसऱ्याला देतो. काही टॉवेल तर कधी भिजतच नसतील.

---

बाळीवेस_बॉय
रात्री ८:०१

आमच्या घरी एक टॉवेल हाय, तो चार लग्नं करून परत आमच्याकडंच आला. आतली चिठ्ठी तशीच. 😂😂

---

शिलाई_मशीन
रात्री ९:३०

गणवेशाचा विषय निघाला म्हणून. आमचा धंदा तोच. सोलापूरचे गणवेश बाहेरच्या राज्यांत जातात, परदेशातही जातात. का जातात? घालणाऱ्याला निवड नसते म्हणून. 😀 शाळेनं ठरवलं, बापानं पैसे दिले, पोरानं घातलं. घालणाऱ्याला आवडला का, हा प्रश्न येतच नाही. विकत घेणारा एक, पैसे देणारा दुसरा, वापरणारा तिसरा. तुमच्या धंद्यात यातला खरा निर्णय कोणाचा आहे ते बघा. तोच तुमचं गिऱ्हाईक.

पण एक सावधगिरी. खपलं म्हणजे पैसे आले असं नाही. जूनला माल दिलेल्या एका संस्थेनं माझे पैसे पुढच्या मार्चला दिले, तेही तीन हप्त्यांत. ताई, तुमचे दोन नग रोखीनं गेलेत ना? मग माझ्यापेक्षा बरं चाललंय तुमचं.

---

तीनशे_प्रती
रात्री ११:५०

सगळे प्रतिसाद वाचले. हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं.

मी कविता लिहितो. २०१९ ला स्वतःच्या पैशानं संग्रह काढला, ३०० प्रती. माळ्यावर अजून १४० आहेत, बायको दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी मोजते. ज्या गेल्या त्यातल्या दुकानातून गेल्या अकरा. बाकी सगळ्या कविता वाचून दाखवल्यावर गेल्या. हुतात्मा स्मृती मंदिरात एकदा दुसऱ्यांच्या कार्यक्रमात मला दहा मिनिटं मिळाली होती, त्या एका रात्रीत ३४. लोक कवितेसाठी घेत नव्हते, हे मला तेव्हाच कळलं. त्यांना ती संध्याकाळ घरी न्यायची होती. एका आजींनी तर सांगितलं, "मला वाचायला दिसत नाही, पण सही करा."

पण तुमच्या सगळ्या सल्ल्यांचा अर्थ असा निघतो की आधी गिऱ्हाईक बघा, मग विणा. तसं असतं तर मी वाढदिवसाच्या चारोळ्या लिहिल्या असत्या. त्यांना उठाव आहे, मी दोन-चार लिहून पैसेही घेतलेत, लपवत नाही. पण ताईंनी नुसत्या रंगांची जी चित्रं विणलीत, जी कुणीही मागितलेली नाहीत, त्यांचं काय? ती करायचीच नाहीत का?

---

खिळा_आणि_चौकट
२१ जानेवारी, सकाळी १०:१५

माझं फ्रेमिंगचं दुकान आहे, त्यामुळं या धाग्यात दोन्हीकडून मार खाणार असं दिसतंय. 😄 (अण्णा, काच वाईट नसते हो, जत्रेत वाईट.)

कविराज, तुमच्या प्रश्नावरून राजा रविवर्मा आठवले. संस्थानिकांसाठी तैलचित्रं काढणारा माणूस. एक चित्र एका महालात गेलं की संपलं. त्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढं तो मळवलीला नेला आणि लक्ष्मी, सरस्वती दगडी छपाईनं घरोघर पोचवल्या. तोच चित्रकार, तीच लक्ष्मी. मेंगरची कुंपणं पाडली म्हणा ना, मास्तर. माणसं वाढली, गुंडाळी करून पोस्टानं जाता यायला लागलं, किंमत आवाक्यात आली. आजही माझ्याकडं फ्रेमला येणाऱ्या देवांच्या तसबिरी बघितल्या तर निम्म्यांची साडी नेसायची पद्धत तिथलीच.

पण गंमत पुढं आहे. एवढी चित्रं खपत असूनही छापखाना कर्जात गेला आणि रविवर्म्यांना तो तिथल्याच जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. चित्रांना उठाव होता, धंद्याला नव्हता. शिलाई मशीनवाल्यांना पटेल हे.

माझा अनुभव: गिऱ्हाईक दुकानात येतं तेव्हा घरात खिळा आधी ठोकलेला असतो. देव्हाऱ्यावरचा, टीव्हीच्या वरचा, नाहीतर वडिलांचा फोटो काढून रिकामा झालेला. तो त्या खिळ्यासाठी चित्र शोधत येतो. ताई, "हे कुठं लावायचं?" असं किती जणांनी विचारलं?

---

आडवा_धागा
दुपारी १:३०

जवळजवळ सगळ्यांनी. आणि मी प्रत्येकाला "तुम्हाला आवडेल तिथं" म्हणाले.

---

नवीपेठ_गादी
दुपारी १:५२

अरे देवा.

---

तीनशे_प्रती
दुपारी २:२०

खिळ्याचं पटलं. तरीही सांगतो, पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवून पोट भरायचे. होर्डिंगला खिळा होता. बाकीची चित्रं त्यांनी खिळा नसतानाच काढली, त्यांच्यासाठी भिंती नंतर तयार झाल्या. ताई, रंगांची चित्रं थांबवू नका. फक्त ती जत्रेत नेऊ नका.

---

चार_माग
दुपारी ४:०५

कविराज बरोबर बोललात. आमच्या घरी आज्यानं एक मोर विणला होता, कुणी मागितला नव्हता. पुठ्ठे पाडायलाच पंधरा दिवस गेले म्हणायचा बाप. दोन वर्षं उठाव नव्हता. मग सोळा वर्षं तोच चालला.

ताई, तुझा माग कोणत्या गल्लीत हाय? येतो एकदा बघायला.

---

आडवा_धागा
२८ एप्रिल, रात्री ९:४५

धागा वर काढतेय, राग मानू नका.

केलेले उद्योग सांगते. काचा काढल्या, फ्रेमवाल्या दादांनीच निम्म्या किमतीत परत घेतल्या. वर-खाली काठ्या लावल्या. लहान नग केले, एक फूट रुंद, फक्त एक नंदीध्वज उभा, ४५० रुपये. दीड दिवसात एक होतो. खरं सांगायचं तर त्यात मला फारसं सुटत नाही. पण अक्कांनी म्हटलं तसंच झालं, मोठं बघायला आलेले लहान घेऊन जातात. मार्च-एप्रिलमध्ये २६ गेले. आहेर म्हणून एकाच घरानं सात घेतले, तेव्हा टॉवेल-टोपी आठवून हसू आलं. (चार लग्नं फिरून परत येऊ नये म्हणजे झालं.)

मोठं तळ्याचं चित्र सात रस्त्याजवळच्या एका दातांच्या दवाखान्यात नुसतं महिनाभर लावायला दिलं होतं. महिन्यानं काढायला गेले तर डॉक्टर म्हणाल्या, राहू द्या, पेशंट त्याच्याकडं बघत बसतात, तेवढीच भीती कमी. नवीपेठकाका, भाव त्यांनी केलाच नाही.

रंगांची चार चित्रं अजून घरीच आहेत. पाचवं मागावर आहे.

---

नवीपेठ_गादी
रात्री १०:१०

भाव केला नाही म्हणजे तुम्ही कमी सांगितलात. 😀

---

वाचनमात्र_होते
२९ एप्रिल, सकाळी ६:५०

पहिल्यांदाच प्रतिसाद देतेय. आमच्या देव्हाऱ्यामागं साडेतीन फूट रुंद, दोन फूट उंच अशी जागा आहे, खिळे दोन आहेत. तळं आणि नंदीध्वज दोन्ही बसेल का? उदबत्तीच्या धुरानं काळं पडेल का? आणि धुता येतं का?

---

बाळीवेस_बॉय
सकाळी ७:०२

काका, कुरकुर चालू झाली! 😄

---

आडवा_धागा
सकाळी ७:३०

दोन फूट उंचीत दोन्ही नाही बसणार ताई. तळं आडवं बसेल, नंदीध्वज उंच असतात, त्यांची टोकं कापावी लागतील आणि ते मी करणार नाही. फक्त तळं घ्या, पाण्यात ध्वजांची सावली विणून देते. धूर लागतो, वर्षातून एकदा गार पाण्यात रिठ्यानं धुवा, पिळू नका. रंग जात नाही.

खिळ्यांमधलं अंतर मोजून कळवा.